रुपयाची आंघोळ

बँकेत कुणी मळकी नोट पुढे केली की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. पण घरी मात्र मी काळवंडलेल्या नाण्यांवर पगार उधळतो. मी याला छंद म्हणतो. सौ. वेगळा शब्द वापरते. तो इथे लिहिण्यासारखा नाही.

त्याचं असं आहे, जुन्या चांदीवर हवेतल्या गंधकामुळे पातळ थर चढतो. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या रुपयावर मग सोनेरी, जांभळ्या, मोरपंखी छटा उमटतात. शौकीन मंडळी याला ‘टोनिंग’ म्हणतात आणि न घासलेल्या नाण्याला जादा पैसे मोजतात. माझ्याकडे पंचम जॉर्जचा, 1919 चा असा एक मोरपंखी रुपया होता. शिवाय घराणं मोठं! 1918 साली अमेरिकेने पिटमन कायदा केला, 27 कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि बहुतेक चांदी हिंदुस्थानच्या रुपयांसाठी ब्रिटनला विकली. तेव्हा आमचे चिरंजीव पूर्वजन्मी डॉलर असावेत, अशी माझी समजूत.

मोलगीला बदली झाली तेव्हा सौ. रडली, मी हसलो. सातपुड्यातल्या आदिवासी बायकांच्या गळ्यात जुन्या रुपयांच्या माळा असतात, हे ऐकून होतो.

होळीच्या बाजारात चहाच्या टपरीवर तशी एक आजी भेटली. गळ्यात पंधरा रुपये, सगळे लख्ख!

“आजी, एखादा विकता का?”

“हा आईचा. हा लग्नातला. हा थोरल्या पोराच्या वेळचा. सांग, कोणता देऊ?”

मी गप्प. मग निदान आपली ऐपत दाखवावी म्हणून खिशातला मोरपंखी काढून तिच्या हातावर ठेवला.

“अरेरे! कुठं ठेवला होता?”

“पेटीत.”

“म्हणून असा झाला. अंगावरचा रुपया काळा पडत नाही.”

मी चहाचे पैसे देण्यापुरता वळलो. तेवढ्यात आजीने चुलीतली राख चिमटीत घेतली होती. शंभर वर्षांचा मोरपिसारा दोन मिनिटांत उतरला!

“घे. आता बायकोला दे.”

इतक्या मायेने म्हणाली, की रडायचीही सोय राहिली नाही.

सोनाराने त्याला कडी लावली आणि उरलीसुरली किंमतही संपली. सौ. तो रोज गळ्यात घालते. परवा शेजारणीने विचारलं, “हा कुठला हो?”

सौ. म्हणाली, “हा मोलगीचा.”

अजून काळा पडलेला नाही.