रात्री काय करू?

संध्याकाळचे सहा वाजले की आमच्या घरात हा प्रश्न उभा राहतो. तुमच्याही राहत असणार. भाजी चिरायला दहा मिनिटं, पण कुठली भाजी ते ठरवायला अर्धा तास! कोणाला विचारावं तर उत्तर ठरलेलं, "काहीही कर, चालेल."

हे 'काहीही' फार फसवं असतं बरं का. त्यात पडवळ बसत नाही, दुधी तर नाहीच. आणि खिचडी टाकली की "आज बरं नाही का?" अशी चौकशी होते.

खरं तर रात्रीचं जेवण संध्याकाळी ठरतच नाही. मटकीची उसळ हवी तर मटकी काल सकाळी भिजवून रात्री फडक्यात बांधलेली हवी. राजमा निदान आज सकाळी पाण्यात पडायला हवा. सहा वाजता हाताशी उरतात ती भिजवावी न लागणारी मंडळी: पिठलं, मुगाच्या डाळीची खिचडी, थालीपीठ, नाहीतर सकाळच्या पोळ्यांचा कुस्करा. घरात 'रुचिरा' आहे. १९७० साली आलेलं हे कमलाबाई ओगल्यांचं पुस्तक. वाटी-चमच्याच्या मापाने त्यांनी किती जणींना स्वयंपाक शिकवला! पण आज काय करायचं, ते पुस्तक बिचारं कुठून सांगणार?

असो.

बाबा गेल्यावर, गेल्या वर्षी आई आमच्याकडे राहायला आली. पन्नासेक वर्षं तिने हे रोज एकटीने ठरवलं. बाबांचा मधुमेह, आजीचे पडलेले दात, माझं आणि कारल्याचं वैर, चतुर्थी, एकादशी, महिनाअखेर... सगळं डोक्यात ठेवून. कोणी "काहीही कर" म्हटलं की चिडायची. "काहीही नावाची भाजी मंडईत मिळत नाही," म्हणायची.

आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तिला विचारलं, "आई, रात्री काय करू गं?"

टीव्हीवरची नजर न काढता ती म्हणाली, "काहीही कर."

माझ्या पोटात धस्स झालं. भूक नव्हती असं नाही, वाढलेलं सगळं जेवली. पण ज्यांची पथ्यं सांभाळून ती ठरवायची, त्यातलं कोणी आता उरलं नव्हतं.

तेव्हापासून मी मोकळा प्रश्न विचारत नाही. दोनच पर्याय ठेवते. "पिठलं की खिचडी?" मग ती एक निवडते, वर सूचनाही देते. पिठल्यात गाठी नकोत, खिचडीबरोबर पापड भाज. कधी मात्र "तुझं तू बघ" म्हणून कूस बदलते. ते दिवस जड जातात.

परवा विचारलं तर म्हणाली, "दोन्ही नको. भाजणी आहे ना? थालीपीठ लाव. आणि कांदा बारीक चिर, तू फार जाड चिरतेस."

घरात लोणी नव्हतं. नवऱ्याला खाली पिटाळलं. दारातून त्याने विचारलं, "कुठलं आणू?" मी "कुठलंही" म्हणणार, तेवढ्यात आतून आवाज आला, "पांढरं!"