सत्तर लाद्या

काही शब्द आपण जन्मभर वापरतो, पण त्यांच्या पोटात काय आहे हे कधी विचारीत नाही. 'टन' हा त्यांतलाच एक. यंदा वैशाखात अण्णांच्या खोलीत एसी बसवायचे ठरले. दुकानदाराने "किती टनाचा?" म्हणून विचारले आणि मी ऐटीत "दीड" म्हणालो. दोन पोरांनी ती पेटी सहज उचलून भिंतीवर टांगली. पलंगावरून अण्णा हे सारे पाहत होते. ते म्हणाले, "हा दीड टन? अरे, हा तर मी एकट्याने उचलला असता."

मला हसू आले. तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकविलेला मी. मी लगेच मास्तर झालो. म्हटले, "अण्णा, हा वजनाचा टन नव्हे, गारव्याचा. यंत्रे येण्यापूर्वी अमेरिकेत तळ्यांवरचे बर्फ कापून विकीत. 1833 साली बोस्टनचे बर्फ लाकडाच्या भुशात बांधून जहाजाने कलकत्त्याला आले. पुढे आपल्या मुंबईतही ते उतरू लागले. मग यंत्रे आली, तेव्हा त्यांची ताकद लोकांनी बर्फातच मोजली. 2000 पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेते, तेवढी ओढणारे यंत्र एक टनाचे. तासाला 12,000 ब्रिटिश उष्णता-एकके. आजच्या भाषेत साडेतीन किलोवॅट."

किलोवॅट अण्णांच्या डोक्यावरून गेले. त्यांनी एवढेच विचारले, "लाद्या किती?"

अण्णांचा जन्म बर्फाच्या कारखान्यात गेला. त्यांची लादी 300 पौंडांची. दीड टन म्हणजे 3000 पौंड, म्हणजे बरोबर दहा लाद्या.

"रोज दहा लाद्या? माझ्या एकट्यासाठी?" अण्णा गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मग आमच्या यंत्रावर 30 टनांची पाटी होती, ती याच टनाची का रे?"

"याच."

"तिच्या 200 लाद्या होतात. पण आम्हांला 130 च्या वर कधी काढता आल्या नाहीत."

आणि मग, पन्नास वर्षे आमच्या घरात कोणी न उच्चारलेली गोष्ट त्यांनी सांगितली. 1974 च्या उन्हाळ्यात कारखान्यावर नवे साहेब आले. ते दुसऱ्याच धंद्यातले, हिशेबाला मात्र कडक. त्यांनी पाटी वाचली, लाद्या मोजल्या आणि साऱ्या पाळीला उभे करून विचारले, "रोजच्या सत्तर लाद्या कुठे जातात?" चोरी कुणाची सिद्ध झाली नाही; पण अण्णा मुकादम व्हायचे होते, ते राहिले ते राहिलेच.

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? त्याच आठवड्यात सुमीला विषमज्वर झाला होता. फुटलेल्या लादीचा एक तुकडा मी न विचारता भुशात गुंडाळून घरी आणला होता. हात स्वच्छ नसलेल्या माणसाने वर तोंड करून काय बोलावे?"

तो तुकडा मला आठवत होता. गोणपाटातून घरभर पाणी ठिबकले होते, आणि आई तो फडक्यात बांधून बहिणीच्या कपाळावर फिरवीत होती. त्याची किंमत मात्र मला त्या दिवशी प्रथमच कळली.

मी कागद घेतला. तीस टन म्हणजे सुमारे 105 किलोवॅट. एक किलो बर्फ नुसते वितळते तेव्हा 334 किलोज्यूल उष्णता घेते. टन या मापात एवढेच धरलेले आहे. पण कारखान्यात बर्फ वितळवायचे नसते, करायचे असते, आणि तेही नळाच्या कोमट पाण्यापासून. तीस अंशांचे पाणी शून्यावर आणायला किलोमागे आणखी 126 लागतात. लादी शून्याच्याही खाली गार होते, त्याचे वीसएक. झाले 480. लादी 136 किलोंची. भागाकार केला, उत्तर आले 140. मिठाच्या पाण्याच्या टाकीत बाहेरची उष्णता शिरते, आणि डबे पाण्यात बुडवून लाद्या सोडविताना थोडे बर्फ वितळते, ते वजा करा. अण्णांचे 130 तंतोतंत बरोबर होते. त्या सत्तर लाद्या कुणी चोरल्या नव्हत्या. त्या कधी झाल्याच नव्हत्या.

हे गणित मी वर्गात किती वर्षे घातले असेन! ब्रिटिश एककांचे किलोवॅट करा, टनांचे किलोवॅट करा. उत्तराला दोन गुण. घरात एका माणसाचे उत्तर अडून बसले आहे, हे माझ्या ध्यानी कधी आले नाही. जुने माप किती बोलके! 'टन' म्हणताच डोळ्यांपुढे बर्फ उभे राहते. आणि त्या बोलकेपणानेच त्याने साहेबांना फसविले. किलोवॅट मुका खरा, पण तो अण्णांच्या बाजूने साक्षीला उभा राहिला.

मी कागद त्यांच्या हाती दिला. चष्मा लावून त्यांनी तो बराच वेळ पाहिला. आकडे त्यांना कळले असतील असे वाटत नाही. खालच्या 130 वर मात्र त्यांचे बोट थांबले.

"म्हणजे सत्तर नव्हत्याच," ते म्हणाले. मग कागदाची नीट घडी करून त्यांनी ती उशीखाली ठेवली. "तो एक तुकडा तेवढा राहिला."

त्यांनी एसी बंद करायला सांगितला आणि खिडकी उघडून घेतली.