बाजेखालची शेगडी

दिवाळी सरली, कापसाची वेचणी जोरात आली, की आपल्या रिसोडकडे थंडी अंगाला झोंबू लागते. पौषात तर पहाटे पाण्यात हात घालवत नाही. दारोदारी पऱ्हाट्या-तुराट्यांच्या शेकोट्या पेटतात. म्हातारी माणसे, शाळेत निघालेली लेकरे, कामावर जाणारे मजूर भोवती हात शेकत बसतात. अंगणातल्या या शेकोटीबद्दल माझी तक्रार नाही. पदर सांभाळला आणि लहान लेकरे अंतरावर बसवली की झाले. मला सांगायचे आहे ते घरात येणाऱ्या विस्तवाबद्दल. त्यातही बाळंतिणीच्या बाजेखाली ठेवल्या जाणाऱ्या शेगडीबद्दल.

लेक बाळंतपणाला माहेरी आली की आईच्या जिवाला घोर लागतो. माय-लेकराला थंडी बाधू नये म्हणून ती नाना तऱ्हा करते. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवते, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी देते, दार लावते आणि खिडकीला पोते अडकवते. मायेपोटीच हे सारे चालते. पण या मायेतच एक धोका लपलेला आहे.

पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या शेजारी असाच प्रसंग घडला. पोरगी पहिल्या खेपेची. दवाखान्यात सुखरूप मोकळी होऊन घरी आली होती. घर एकाच खोलीचे, पण नवे, पक्के, वर स्लॅब. पाचवी झाली आणि त्या रात्री थंडी वाढली. शेगडी भरून बाजेखाली ठेवली, दार लावले. पहाटे पोरगी म्हणू लागली, "माय, डोकं फुटून राह्यलं." मग उलटी झाली. उठायला गेली तर पाय लटपटू लागले. लेकरू अंगावर प्यायला तोंड लावीना. नुसते निपचित पडले. घरातली म्हातारी म्हणाली, "बाहेरचं लागलं हाय. पाचवीच्या राती कोणी दारावरून गेलं असन." जाणत्या बाबाला आणायला माणूस निघालाही.

तेवढ्यात आशाताई आली. सातव्या दिवसाची तिची भेट ठरलेलीच होती. आत पाऊल टाकताच तिने दार सताड उघडले, पोते ओढून काढले आणि शेगडी उचलून अंगणात नेली. म्हातारी ओरडली, "काहून उघडलं व माय दार? हवा लागन न लेकराले!" आशाताई म्हणाली, "आजी, हवा लागाले पाह्यजे म्हणूनच उघडलं." माय-लेकराला पांघरुणात गुंडाळून ओसरीवर आणले. १०८ ला फोन केला. गाडी येईपर्यंत पोरीचे डोके थोडे हलके झाले होते. दवाखान्यात दोघांना ऑक्सिजन लावला आणि दोघेही वाचली. पोरीचा बाप नंतर सगळ्यांना विचारत होता, "दार उघडल्याबरोबर भूत पळालं म्हणता, मंग ते भूत शेगडीतच होतं न?"

त्याचे म्हणणे खरे होते. कोळसा, लाकूड, गोवरी किंवा गॅस कोंडलेल्या जागेत जळू लागला की हवेतला प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो डोळ्यांना झोंबत नाही की खोकला आणत नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. हा वायू त्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, गुंगी येते. झोपलेला माणूस झोपेतच जातो. "धूर निघून गेला, लाल निखारे राहिले, आता भीती नाही," असे आपण म्हणतो. पण धूर नसलेल्या निखाऱ्यांतूनही हा वायू निघतच राहतो. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी असल्याचे सरकारी पाहणीतच आले आहे. अशा अशक्त बाळंतिणीला आणि तिच्या तान्ह्याला हा वायू जास्त बाधतो.

कोणी म्हणेल, आमच्या आजीपणजीने हेच केले, त्यांना काही झाले नाही. याचे उत्तर घरात आहे. त्यांची घरे कुडाची, मातीची, वर कवेलू. फटीफटीतून वारा खेळायचा आणि वायू निघून जायचा. आज घरकुल योजनेतून, रमाई आवास योजनेतून आपल्याला सिमेंटची पक्की घरे मिळाली. फार चांगले झाले. पण घर बदलले आणि शेगडी तीच राहिली. लोखंडी दार लावले, खिडकी बुजवली, की स्लॅबच्या त्या खोलीतून वायूला वाट नाही.

हा धोका गरिबाच्याच घरी असतो असेही नाही. फ्रान्सचे थोर लेखक एमिल झोला १९०२ साली पॅरिसच्या आपल्या घरात याच वायूने गेले. धुराडे तुंबले होते. जानेवारी २०२० मध्ये केरळचे आठ पर्यटक नेपाळमधील दामण येथे खोली बंद करून गॅसचा हिटर लावून झोपले. त्यात चार मुले होती. सकाळी एकही उठले नाही.

मग लेकराला ऊब द्यायची नाही का? जरूर द्यायची. तान्ह्या बाळाला थंडी खरोखरच घातक आहे. पण त्याची पहिली शेगडी म्हणजे आईची छाती. बाळाला उघड्या अंगाने आईच्या छातीशी धरावे, वरून दोघांना गोधडी पांघरावी, डोक्याला टोपडे, पायांत मोजे घालावेत. पहिल्या दिवशी आंघोळ घालू नये. ओले दुपटे लगेच बदलावे. आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या बायांना नवजात बाळाची निगा राखायला शिकवले. बाळाला उबदार ठेवणे हा त्यातला मोठा भाग होता. तिथले बालमृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले. ते काम १९९९ साली जगापुढे आले आणि पुढे देशभरच्या आशाताईंना शिकवले गेले. दवाखान्यात बाळंतपण झाले तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताई घरी येते. तिला दारातून परत पाठवू नका.

शेक द्यायचाच असेल तर दिवसा, ओसरीवर, दार-खिडकी उघडी ठेवून द्यावा. झोपायच्या आधी शेगडी घराबाहेर गेलीच पाहिजे. खोलीतल्या दोघा-तिघांचे एकदम डोके दुखू लागले, तर नजर काढत बसू नका. आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, मग १०८ लावा. डॉक्टरांना "खोलीत शेगडी होती" हे आठवणीने सांगा. कारण कोरोनात आपण पाहिलेले ते बोटाला लावायचे यंत्र या विषबाधेत फसते. प्राणवायू ठीक असल्याचे दाखवते.

जाता जाता पाणी तापवायच्या रॉडविषयी. दीड हजार वॅटचा रॉड साडेसहा अँपियर वीज ओढतो. त्याला मोठ्या पिनेचा १६ अँपियरचा सॉकेट हवा, लोंबती एक्स्टेन्शन वायर नको. अर्थिंग हवेच. बादली प्लास्टिकची घ्यावी, लोखंडी नको. आधी रॉड पाण्यात, मग बटण. पाणी तापले का ते बटण बंद करून, पिन काढूनच पाहावे. लेकरांना त्या बाजूला फिरकू देऊ नये.

या सगळ्याला पैसा लागत नाही. खिडकीचे पोते काढायला एक हात पुरतो. पण तो हात घरातल्या कर्त्या माणसानेच पुढे करायला हवा; कारण बाजेवरची पोरगी सासू-आईपुढे बोलू शकत नाही आणि तान्हे लेकरू तर बोलतच नाही. यंदा ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे, त्यांनी लाकूडफाटा जमवण्याआधी एक टोपडे शिवून ठेवावे आणि खिडकीची कडी नीट उघडते का ते पाहून घ्यावे.