समोरच्या देशाची भीती

मुलांना देश वाटून दिले की एक गोष्ट दरवर्षी घडते. ज्याच्या वाट्याला अमेरिका येते तो तिचं सोंग घेतो. मान ताठ, आवाज जड आणि बोलणं जुन्या सिनेमातल्या सावकाराचं: आमच्याकडे पैसा आहे, आम्ही आमच्या शेतकऱ्यांना अनुदान देणार, काय करायचं ते करा. समिती हसते, बाकं वाजतात आणि चर्चा तिथेच संपते. आपलीच बाजू वाईट आहे असं मानून बोलणाऱ्याशी वाटाघाट कसली करणार? वर्ध्यात मी बरीच वर्षं मुलांकडून एमयूएन, म्हणजे अभिरूप संयुक्त राष्ट्रसंघ, आणि अभिरूप संसद करून घेते आहे. मोशन, कॉकस, ठरावाचा मसुदा हे सगळं शिकवता येतं. दुसऱ्याची बाजू आतून कशी मांडायची, तेवढं मला अजून नीट शिकवता येत नाही.

याचं मूळ मला आपल्या वक्तृत्व स्पर्धांमध्ये दिसतं. मीही त्यांतच वाढले. भाषण घरीच पूर्ण करायचं, कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा तेही ठरवायचं आणि व्यासपीठावर जाऊन जसंच्या तसं म्हणायचं. वादविवादात समोर विरोधक असतो खरा, पण सारा डोळा परीक्षकांवर. समितीत मात्र आधीचा वक्ता तुमचं तयार भाषण निकामी करून जातो. तेव्हा मुलांच्या हातातला कागद सुटता सुटत नाही.

विषय मी शक्यतो कापसाचाच घेते. हिंगणघाट, आर्वी, देवळीकडून येणाऱ्या मुलांना सरकी आणि रुई समजावून सांगावी लागत नाही. 2002 साली ब्राझीलने अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नेली. 2003 मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी तिथे तोच प्रश्न लावून धरला. ब्राझीलचं प्रकरण अखेर 2014 मध्ये 30 कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटलं. बुर्किना फासो मिळालेला मुलगा अर्धी लढाई जिंकूनच बसतो, कारण त्याच्या तोंडून त्याचं घरच बोलत असतं. अवघड खुर्ची अमेरिकेची.

मागच्या खेपेला ती देवळीकडच्या एका मुलीला मिळाली. घरचं वावर कोरडवाहू, वावरात पऱ्हाटी. तिने देश बदलून मागितला, मी दिला नाही. मग वाचता वाचता तिला सापडलं की नोव्हेंबर 2018 मध्ये अमेरिकेने भारताच्या कापसाच्या हमीभावावरच बोट ठेवलं होतं: भारत देत असलेला आधार जागतिक व्यापार संघटनेच्या 10 टक्क्यांच्या मर्यादेच्या कितीतरी वर आहे, असा आक्षेप. कागद घेऊन ती माझ्याकडे आली. ‘‘मॅडम, म्हणजे मी उभं राहून बाबांचा हमीभाव कमी करा म्हणू?’’ मी म्हटलं, हो, म्हण. आणि टेक्सासमधल्या लबक भागाबद्दल वाचायला सांगितलं. तिथलाही बराच कापूस पावसाच्या भरवशावर, तिथेही गारपीट, दुष्काळ आणि उपसून खाली गेलेलं भूजल.

समितीत तिने सोंग घेतलं नाही. आमचा शेतकरी पीक बुडालं तरी पुढच्या वर्षी पेरणीला उभा राहतो, कारण त्याच्यामागे विमा आहे, सरकार आहे. ते काढून घ्या म्हणणाऱ्यांनी त्याच्या जागी काय देणार ते सांगावं, असं ती शांतपणे म्हणाली. बुर्किना फासोला उत्तर सुचलं नाही. मग तिनेच दुरुस्ती मांडली: बाजारभाव पाडणारं अनुदान टप्प्याटप्प्याने बंद व्हावं, पण पीक बुडाल्यावरचं संरक्षण प्रत्येक सदस्य देशातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला मिळावं आणि त्यासाठी श्रीमंत देशांनी निधी उभारावा. ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाला. परीक्षकांनी तिला मागे ठेवलं. शेरा होता: प्रतिनिधी स्वतःच्या देशाचं धोरण सोडून बोलली.

त्या शेऱ्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. नियमाने तो बरोबर आहे. वॉशिंग्टनहून आलेला माणूस असं कलम मांडणार नाही. पण इतक्या अमेरिका पाहिल्या, त्यांत तिथल्या शेतकऱ्याची भीती ओळखणारी ही पहिलीच. ती भीती तिने घरी पाहिलेली होती. मग ती खरोखर अमेरिका झाली होती, की अमेरिकेच्या खुर्चीत बसून बाबांसाठी विमा मागत होती? पुढच्या मुलांना मी काय सांगू? आपलं घर दाराबाहेर ठेवून या, की सोबत घेऊन या?

हा प्रश्न पडला की मला एक जुना ठराव आठवतो. 14 जुलै 1942 ला काँग्रेस कार्यसमितीने तो केला आमच्या वर्ध्यातच. ‘चले जाव’च्या लढ्याकडे नेणारा हा ठराव मी मुलांना अख्खा वाचायला लावते. ब्रिटिश सत्ता संपली पाहिजे, हे त्यात ठाम आहे. आणि जपानी आक्रमण रोखण्यासाठी दोस्त राष्ट्रांच्या फौजा भारतात राहायला काँग्रेसची तयारी आहे, हेही त्यातच आहे. समोरच्याला कशाची धास्ती वाटते हे ओळखून लिहिलेलं ते कलम आहे, आणि त्यामुळे मूळ मागणी तसूभरही मागे हटलेली नाही. लिहिणारे आपलं घर विसरून बसले नव्हते.

समोरच्याची धास्ती अशी ओळखणं मोठ्या शहरांतल्या एमयूएनमध्ये मला दिसत नाही. मुलं घेऊन मी तिथेही जाते. ब्लेझर, फर्डं इंग्रजी, भरमसाट प्रवेश शुल्क. त्याचं मला एवढं काही वाटत नाही. वाईट याचं वाटतं की कॉकसमध्ये बोलणी होतच नाहीत, सह्या गोळा होतात. मसुदा घरूनच आलेला असतो, पोझिशन पेपर हल्ली यंत्राने लिहून दिलेला. सगळ्यांचं लक्ष बेस्ट डेलिगेटच्या बक्षिसावर. अभिरूप संसदेतही बहुतेक ठिकाणी शिक्षकच संहिता लिहितात आणि विरोधी पक्षनेत्याला मंत्र्याचं उत्तर आधीपासून पाठ असतं. असा प्रश्न विचारून मूल काय शिकणार? मी समिती मराठीत चालवते, कारण शब्द शोधत बसलेलं मूल घासाघीस करू शकत नाही. यावर नाकं मुरडली जातात, मुरडोत.

माझा हा राग मात्र निर्मळ नाही. मला जिंकायला आवडतं. कपाटातल्या ढाली मी शिपाईदादांना पुसू देत नाही, स्वतः पुसते. मागच्या रांगेत बसून मुलांच्या तोंडी माझी वाक्यं, माझे विराम ऐकू आले की सुखावते. त्या मुलीच्या भाषणात माझं एकही वाक्य नव्हतं. ते ऐकताना अभिमान वाटला, पण त्याआधी डावलल्यासारखं वाटलं.

यंदाही विषय कापूस. अमेरिका पुन्हा कापूस पिकवणाऱ्या घरातच जाईल आणि भारत बाजारपेठेतल्या एखाद्या दुकानदाराच्या मुलाकडे. ती मुलगी आता पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे; अध्यक्षाच्या खुर्चीत तिला बसवणार आहे. धोरण सोडून बोलणाऱ्या प्रतिनिधीला ती थांबवते की बोलू देते, ते मला पाहायचं आहे. माझं मत तिला आधी सांगायचं नाही, असं ठरवलंय. ते मला फार जड जाणार आहे.