एका अंगणात दोन चुली

रत्नागिरी शहरातून कुवारबाव, खेडशी मागे टाकत पूर्वेकडे निघालेला रस्ता बारा-तेरा किलोमीटरांवर हातखंब्याच्या तिठ्याशी मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग १७ म्हणून ओळखला जाणारा हा मार्ग आता ६६ झाला आहे. मुंबई, गोवा आणि पालीमार्गे कोल्हापूर अशा तिन्ही दिशांची वर्दळ येथे अहोरात्र चालते. प्रवाशाला हातखंबा म्हणजे चहापुरता थांबा वाटतो. थोडे आत वळले, की जांभ्याच्या गडग्यांमागे, आंबा-फणसांच्या सावलीत खरे गाव भेटते.

या भागातील जुन्या घराची मांडणी ठरलेली असते. पुढे खळे, मग पडवी, ओटी, माजघर. मागे परसू, विहीर आणि गोठा. मुले मुंबईला गेली, गुरे कमी झाली, तसे गोठे रिते झाले. कित्येक दारांची कुलुपे आता गणपतीत आणि शिमग्यातच निघतात. दुसरीकडे, १९९८ मध्ये सुरू झालेली कोकण रेल्वे, मिरजोळ्याची औद्योगिक वसाहत आणि महामार्गाचे चौपदरीकरण यांमुळे पोटापाण्यासाठी येणारा माणूस वाढला. नवा शिक्षक, परिचारिका, दुकानातील कारकून यांना शहरातील सदनिका परवडत नाही. हवे असते दोन खोल्यांचे बिऱ्हाड. रिकामी जागा आणि जागा शोधणारा माणूस एकाच रस्त्यावर असूनही त्यांची गाठ पडत नाही.

हा पेच केवळ कोकणाचा नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने घरटंचाईवर उपाय म्हणून परसातील दुसऱ्या छोट्या घराची वाट मोकळी केली. २०२० पासून तेथे ठरावीक अटी पाळणाऱ्या ८०० चौरस फुटांपर्यंतच्या अशा घराला स्थानिक संस्थेला सहसा नकार देता येत नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यानेही २००९ मध्ये ६० चौरस मीटरपर्यंतच्या दुय्यम घरांना अशीच मुभा दिली.

हातखंब्यासारख्या गावात तर अर्धी तयारी आधीच असते. गोठ्याचे जोते भक्कम असते. खाणीतून काढताना मऊ आणि हवेने कठीण होणारा जांभा चिरा जवळच मिळतो. जमीन नव्याने विकत घ्यावी लागत नाही, हीच मोठी बचत.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. पहिली सातबाऱ्याची. एका उताऱ्यावर अनेक भाऊबंदांची नावे असतात आणि सर्वांच्या लेखी संमतीविना घातलेला पाया पुढे वादाचा पाया ठरतो. ग्रामपंचायतीची आणि गरज असल्यास बिनशेतीची परवानगीही आधीच घ्यावी लागते. दुसरी अडचण पाण्याची. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जांभा सच्छिद्र आहे. नव्या शोषखड्ड्याचे पाणी झिरपून स्वतःच्याच नव्हे, शेजाऱ्याच्याही विहिरीत जाऊ शकते. म्हणून पन्नास-साठ फुटांचे अंतर नसेल, तर दुसरे बिऱ्हाड न बांधलेलेच बरे. तिसरी अडचण भीतीची: भाडेकरू उठलाच नाही तर? १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, तो लागू असलेल्या भागांत, लेखी व नोंदणीकृत करार बंधनकारक केला आणि मुदत संपल्यावर परवानाधारकाकडून घराचा ताबा परत मिळवण्याची तरतूद ठेवली. हीच शिस्त खेड्यातील घरमालकानेही पाळली, तर कुलूप काढण्याचे धैर्य येते.

व्यापारी घराण्यांना ही रीत परकी नाही. पुढे दुकान, मागे घर आणि माडीवर मुनिमाचे बिऱ्हाड, अशा वास्तूंत कित्येक पेढ्या वाढल्या. मुनिमाला छप्पर मिळे, पेढीला राखण मिळे. आज परसातील दोन खोल्यांतून महिन्याला बेताचे भाडे येईल. पण गावी एकट्या राहणाऱ्या वृद्ध आईला रात्री हाकेच्या अंतरावर माणूस असेल, आणि परगावाहून आलेल्या परिचारिकेला कामाच्या जवळ हक्काचा निवारा. कोकणात वेगळी चूल म्हणजे घर फुटल्याची खूण मानली गेली. नीट कागद करून आणि विहीर राखून मांडलेली ही दुसरी चूल मात्र बंद पडत चाललेल्या घराला पुन्हा नांदते करू शकते.