सरड्याची धाव

सरडा रंग बदलतो, हा आरोप आपण इतकी वर्षे करीत आलो आहोत की, त्या गरीब प्राण्याची बाजूही ऐकून घ्यावी असे कुणाला वाटतच नाही. मराठीचा प्राध्यापक म्हणून मीही तो दरवर्षी फळ्यावर लिहितो. पण अलीकडे लिहिताना हात जरा आखडतो. कारण एका सरड्याचे वकीलपत्र सध्या आमच्याच घरात घेतले गेले आहे, आणि वकील आहे आमची थोरली लेक.

हा सरडा कुंपणावरचा नव्हे, आकाशातला. दिवाळीच्या दिवसांत रात्री आठच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून मान पुरती वर केलीत, तर हंस आणि देवयानी यांच्यामध्ये अंधूक ताऱ्यांची एक वेडीवाकडी ओळ असते. (असते म्हणालो, फटाक्यांच्या धुरातून दिसेल असे म्हणालो नाही.) पाश्चात्त्यांनी तिचे नाव ठेवले लॅसर्टा, म्हणजे सरडा. १९२९ साली हॉफमाइस्टर नावाच्या जर्मन ज्योतिर्विदाला तिथे एक ठिपका सापडला. कधी उजळ, कधी मंद. असा रूपविकारी तारा सापडला की त्याचे नाव पटावर चढवायचे, हा रिवाज. याला रोल नंबर मिळाला ‘बीएल लॅसर्टी’. पुढे जवळजवळ चाळीस वर्षे तो ताऱ्यांच्या वर्गात निमूट बसून होता! १९६८ साली लक्षात आले की, नेमक्या त्याच जागेवरून रेडिओलहरीही येत आहेत. मग चौकशी झाली आणि निष्पन्न झाले ते असे की, हा तारा नव्हेच. सुमारे ९० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका दीर्घिकेचे ते धगधगते काळीज आहे.

अशांची पुढे जातच निघाली. १९७८ साली एडवर्ड स्पीगेल या शास्त्रज्ञाने ‘बीएल लॅक’ आणि ‘क्वेसार’ यांची संधी करून त्यांना ‘ब्लेझार’ म्हटले. इंग्रजीत त्यातून भडकण्याचाही अर्थ निघतो. शब्द पाडावा तर असा. मात्र आमच्या वन्संना, म्हणजे सौभाग्यवतीच्या वन्संना, तो फोनवर ऐकू आला ‘ब्लेझर’. “दादा, एम. एस्सी. करून पोर कोटांचा अभ्यास करते?”

ब्लेझारच्या पोटात एक कृष्णविवर असते. कोट्यवधी सूर्यांच्या, कधी अब्जावधी सूर्यांच्या वजनाचे. त्याच्याभोवती गरगरणाऱ्या द्रव्यातले काही आत पडते आणि काही दोन विरुद्ध दिशांना झोतासारखे, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, बाहेर फेकले जाते. असे झोत इतरही दीर्घिकांत असतात. ब्लेझारचे वैशिष्ट्य एवढेच की, त्याचा एक झोत बरोबर आपल्या तोंडावर रोखलेला असतो. अंधारात समोरून कुणी बॅटरी मारावी तसा. म्हणून तो इतका प्रखर दिसतो, आणि म्हणून त्याची प्रत्येक थरथर आपल्याला जाणवते.

पण मला सर्वांत आवडला तो लेकीने सांगितलेला कुंपणाचा हिशेब. समजा, आपल्या गल्लीतल्या साऱ्या घरांनी एकाच क्षणी आकाशकंदील लावले. गल्लीच्या टोकाशी उभ्या असलेल्या माणसाला जवळचा कंदील आधी दिसेल, लांबचा मागाहून. प्रकाशालाही चालत यावे लागते ना! तेव्हा सारी गल्ली जर तासाभरात उजळलेली दिसली, तर तिची लांबी प्रकाशाच्या तासाभराच्या वाटचालीहून जास्त असूच शकत नाही. बदल जितका झटपट, तितकी जागा लहान. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण कुणाला हिणवायला म्हणतो. ही पोरे धावेवरून कुंपण मोजतात!

जुलै २००६ मध्ये नामिबियातल्या दुर्बिणींनी ‘पीकेएस २१५५-३०४’ या ब्लेझारचे गॅमाकिरण अवघ्या काही मिनिटांत दुप्पट होताना टिपले. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो, हे ध्यानात घ्या. झोत आपल्याकडेच धावत असल्यामुळे काळ आखडलेला दिसतो, म्हणून जागा काही पटींनी मोठी धरावी लागते, हे खरे. तरीही अख्ख्या दीर्घिकेपुढे ती मोहरीएवढीसुद्धा नाही.

आणि हा सरडा एकाच रंगात भडकत नाही. रेडिओलहरी, अवरक्त, दृश्य प्रकाश, अतिनील, क्ष-किरण, गॅमाकिरण असे सगळे रंग तो बदलतो, आणि प्रत्येकाची चाल निराळी. झोतातले अतिशय तापट इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा चटकन उधळून बसतात. त्यांचे क्ष-किरण नि गॅमाकिरण तासातासाला, कधी मिनिटामिनिटाला बदलतात. रेडिओलहरींचे काम सावकाश. झोताचा आतला भाग त्यांना पार होऊ देत नाही. उधाण बरेच बाहेर आल्यावर, कधी आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, त्यांना ती बातमी कळते. थोडक्यात, आमच्या कुटुंबातल्या वडीलधाऱ्यांसारखे. कधी तर शेजारच्या रंगाला पत्ताच नसतो. २००२ साली एका ब्लेझारने गॅमाकिरणांत भडका उडवला आणि क्ष-किरणांत हूं की चूं केले नाही. शास्त्रज्ञ अशाला ‘अनाथ भडका’ म्हणतात. विज्ञानाची भाषा रुक्ष असते असे मी वर्गात पूर्वी बिनदिक्कत सांगत असे; आता जपून सांगतो.

एका खिडकीतून एका रात्री पाहून या गृहस्थाविषयी काही बोलता येत नाही, ते यामुळे. सगळ्या खिडक्यांतून, एकाच वेळी आणि वर्षानुवर्षे पाहत राहावे लागते. कर्क राशीतल्या ‘ओजे २८७’चे उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कुणीकुणी भलत्याच कामासाठी घेतलेल्या आकाशाच्या काचांवर तो नकळत उमटून राहिला होता. त्या काचा चाळून १९८८ साली मांडणी झाली की, हा साधारण बारा वर्षांनी भडकतो. दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत असावीत. मोठे १८ अब्ज सूर्यांचे, असा पुढे हिशेब निघाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या संशोधकांचा हात असलेल्या गणिताने ३१ जुलै २०१९ ची वेळ दिली, आणि भडका चार तासांच्या आत हजर झाला! पुढचा भडका ऑक्टोबर २०२२ मध्ये वर्तवला होता. तो मात्र आलाच नाही. आता काही जण म्हणतात, मोठे कृष्णविवर १० कोटी सूर्यांचेच असेल. वाद चालू आहे.

बारा वर्षांची एक फेरी. म्हणजे एका माणसाच्या नोकरीत अशा तीनच बसतात. लेकीने बंगळूरची बऱ्या पगाराची नोकरी नाकारून हे पत्करले, तेव्हापासून वन्संचा दुसरा प्रश्न आहे, “पण यातून निघणार काय? आणि कधी?” मी त्यांना काचांची गोष्ट सांगतो. त्या काचा घेणाऱ्यांपैकी कुणाला ब्लेझार हा शब्दही ठाऊक नव्हता, हेही सांगतो. त्यांचे समाधान होत नाही. खरे म्हणजे माझेही पुरते होत नाही. बापाचे गणित वेगळे असते. तिला मी एकदाच विचारले, “तुझ्या हयातीत उत्तर नाही मिळालं तर?”

“बाबा, तुमच्या ज्ञानेश्वरीच्या पोथ्या उतरवून काढणाऱ्यांना तुम्ही कधी हे विचारलंत का?”

मी गप्प बसलो. पोरीला मराठी मीच शिकवलेले.

नैनीतालला १९७२ पासून उभी असलेली १०४ सेंटिमीटर आरशाची दुर्बीण ब्लेझारच्या पाळतीवर रात्री जागवते. ती आता तिथे जाऊन येते. पावसाळ्यात तिथे आकाशच मिळत नाही, आणि आलेखात भोक पडते. “नेमका तेव्हाच भडकला तर?” माझी काळजी. तर दुसऱ्या कुठल्या देशात रात्र असेल आणि आकाश निरभ्र असेल, तिथले कुणीतरी पाहत असते, असे ती म्हणाली. १९९७ पासून जगभरच्या वेधशाळांची तशी फळीच आहे. हौशी मंडळीही तीत आहेत. इथे उजाडले की पश्चिमेचा माणूस दुर्बिणीला डोळा लावतो. परवा रात्री अडीच वाजता तिचा निरोप आला. दोनच शब्द: “आज ढग.” तेही वहीत लिहावे लागते म्हणे.