होडीची मुदत

मामूंचा फोन आला तेव्हा इशाची नमाज होऊन गेली होती. तिकडे इंग्लंडात अजून दुपार होती. सलाम, तब्येत, गावाकडचा पाऊस असं नेहमीचं झाल्यावर म्हणाले, "तुला एक मसला विचारायचाय. मौलानांना विचारला असता, पण ते आधी या वयात होडी कशाला घेतली, असं विचारतील."

तो प्रश्न खानदानात आम्ही सगळ्यांनीच विचारून झाला होता. आमचं आजोळ बाणकोटच्या खाडीकाठचं. नाना जहाजावर इंजिनरूममध्ये होते. दहा-दहा महिने समुद्रावर असायचे, पण समुद्र त्यांना दिसायचा कमीच. मामू इंग्लंडला गेले, तिथले नागरिक झाले, आयुष्यभर कारखान्यात राबले. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी तीस फुटी शिडाची होडी घेतली. म्हणायचे, "बापाने समुद्राखालून नोकरी केली, मी वरून बघणार."

होडी ब्रिटनमध्ये नोंदवलेली, विकणाराही ब्रिटिश, पण ती उभी होती तुर्कस्तानात. मामूंनी तिथेच ताब्यात घेतली आणि मे 2023 मध्ये समोरच्या ग्रीसमधल्या कोस बेटावर आणली. त्या दिवसापासून एक घड्याळ सुरू झालं.

हे घड्याळ कस्टमचं. ब्रिटन युरोपीय संघात होतं तोवर ब्रिटनमध्ये व्हॅट भरलेली होडी संघातल्या कुठल्याही देशात कितीही वर्षं ठेवता यायची. 2021 उजाडलं आणि ब्रिटनची होडी परदेशी झाली. ब्रिटनमधला व्हॅट तिथे धरत नाहीत. मात्र एक सवलत आहे. होडी संघाबाहेर नोंदवलेली असेल, मालक संघाबाहेर राहणारा असेल आणि वापर खाजगी असेल, तर व्हॅट किंवा आयातशुल्क न भरता ती 18 महिने आत ठेवता येते. याला म्हणतात तात्पुरता प्रवेश. ग्रीसमध्ये अशा होडीला ट्रान्झिट लॉग नावाचा कागद मिळतो. मुदत संपायच्या आत होडी संघाबाहेर न्यायची. बाहेर किती दिवस राहायचं याची किमान अट युरोपीय कायद्यात नाही. परत आली की नवे 18 महिने मोजायला सुरुवात. फक्त बाहेर गेल्याचा पुरावा जपून ठेवायचा.

प्रत्येक देशाचं माप वेगळं असतं. न्यूझीलंड अशा पाहुण्या होडीला 24 महिने देतो, मेक्सिको तर 10 वर्षांचा परवाना देतो. माणसाचं माप आणखी वेगळं. ब्रिटिश पासपोर्टवर मामूंना शेंगेन देशांत 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. ते हसून म्हणायचे, "होडीची खातिरदारी दीड वर्ष, मालकाची तीन महिने."

आमच्या भागात कस्टम हा शब्द पोरांना नवा नाही. आखातातून येणाऱ्या माणसाची बॅग उघडली का, टीव्ही सोडला का, हे ऐकतच आम्ही मोठे झालो. म्हणून मला वाटलं, मामूंचा प्रश्नही तसलाच असणार. तो तसलाच होता, पण अवघड होता.

होडीची मुदत नोव्हेंबर 2024 मध्ये संपत होती आणि हा फोन ऑक्टोबरचा. सप्टेंबरात मामूंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी काही महिने प्रवास बंद केला होता. मुलगी जर्मनीत नोकरीला, तिला होडी उत्तम चालवता येते. कोसवरून समोरचं बोडरूम दिसतं, चांगला वारा असला तर काही तासांचं काम. ती म्हणाली, "अब्बा, मी नेऊन येते."

पण नेता येत नव्हतं. सवलत मिळाली होती ती संघाबाहेर राहणाऱ्या माणसाला. मुलगी जर्मनीत राहते, म्हणजे संघाच्या आतली रहिवासी. मालकाच्या सांगण्यावरून तिने कधीमधी होडी वापरली तर चालतं, पण तेव्हा मालक स्वतः संघाच्या हद्दीत हजर हवा. मालक तर इंग्लंडात अंथरुणावर. बापाची होडी, सख्खी मुलगी, आणि मध्ये हा नियम.

दुसरी वाट होती होडी रीतसर आयात करण्याची. ग्रीसचा व्हॅट 24 टक्के. होडीची किंमत 20,000 युरो धरली तर 4,800 युरो नुसता व्हॅट. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने हे कुठून आणायचं?

तिसरी वाट कुणीतरी सुचवली होती आणि मसला तोच होता. थोडे पैसे दिले तर होडी तीन दिवस तुर्कस्तानात उभी होती असं पलीकडच्या धक्क्याचं बिल मिळणार होतं. होडी जागची हलणार नाही, कागद फिरून येईल. मामू म्हणाले, "तीन तासांवरचा किनारा आहे. बरा असतो तर गेलोच असतो. नीयत तर जायचीच होती ना? मग गुनाह कसला?"

खरं सांगतो, "करून टाका" हे शब्द माझ्या तोंडावर आले होते. आजारी माणूस, कुणाचं नुकसान नाही, नियमही आडमुठा. मी म्हटलं, उद्या सांगतो.

रात्री डोक्यात एकच शब्द घोळत राहिला, जकात. मराठीत जकात म्हणजे नाक्यावर भरायचा कर. मुंबईचे जकात नाके 2017 मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाले. आमच्यासाठी जकात म्हणजे गरिबाचा हक्क. वर्गात हा शब्द आला की मी दोन्ही अर्थ सांगतो आणि मुलं हसतात. दीनच्या हिशेबात मामूंच्या होडीवर जकात नाही, कारण ती स्वतःच्या वापराची, विक्रीची नाही. नाक्यावरच्या हिशेबात मात्र आहे, कारण तिथे वस्तू कुठून आली आणि किती दिवस थांबली, हे बघतात.

पण मग मुसाफिराचा हिशेबही असाच आहे. आम्ही कोकणी बहुतेक शाफई. येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवस राहायची नीयत केली की माणूस मुकीम होतो, नमाज पूर्ण पढतो. त्याहून कमी असेल तर कस्र, चारच्या दोन रकात. ही सवलत मुसाफिराची. घरी बसून, "मी जाणारच होतो" म्हणत कुणी दोन रकात पढत नाही. नीयत लागते, पण नुसत्या नीयतीवर प्रवास होत नाही. घराबाहेर पाऊल पडावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मामूंना हेच सांगितलं. आणखीही एक सांगितलं. मी मुफ्ती नाही, पण सूरह माइदाची सुरुवातच करार पाळण्याच्या हुकमाने होते. ट्रान्झिट लॉग घेताना आपण शर्त मान्य करून आत आलो. आणि खोटा कागद उघडा पडला तर तुम्ही इंग्लंडात असाल. होडीपाशी जाऊन उभी राहणारी, त्या लोकांच्या कायद्यात नोकरी करून राहणारी तुमची मुलगी आहे. तिच्या हातात तो कागद देणार का?

मामू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फोन ठेवतो." मला वाटलं, रागावले.

रागावलेही असतील. पण त्यांनी मुलीला कायदा नीट वाचायला लावला. युरोपच्या कस्टम कायद्यात अशीही तरतूद आहे की अपवादात्मक परिस्थितीत, कारण दाखवून अर्ज केला तर मुदत वाजवी काळापुरती वाढवता येते. मुदत संपायच्या आत ऑपरेशनचे कागद, डॉक्टरांचं पत्र आणि होडी धक्क्यावर बंद असल्याचा दाखला जोडून अर्ज गेला. दोनदा आणखी कागद मागितले. मामूंना झोप नव्हती. शेवटी मे महिन्यापर्यंत मुदत मिळाली. ज्या दारावर खोटा कागद सरकवायचा विचार होता, त्याच दारावर खरी अडचण सांगितली आणि ती ऐकली गेली. दरवेळी ऐकली जाईल असं मी म्हणत नाही. नसती ऐकली तर होडी विकावी लागली असती, आणि मामूंनी ती तयारी ठेवली होती.

एप्रिल 2025 मध्ये डॉक्टरांनी परवानगी दिली. मामू कोसला पोचले, मुलगी जर्मनीहून आली. आता मालक हजर होता, तिने सुकाणू धरायला कुणाची हरकत नव्हती. ट्रान्झिट लॉग बंद केला, शिक्का घेतला, शीड उभारलं. बोडरूमजवळ आल्यावर तिने पिवळं निशाण चढवलं. कस्टम आणि पासपोर्टचं काम व्हायचं आहे, असा त्याचा अर्थ. तो फोटो आमच्या आजोळच्या घरात नानांच्या फोटोखाली लावलाय.

बोडरूमला होडी पाण्याबाहेर काढून रंगवायची होती. कारागीर रोज म्हणायचा, उद्या. सहाव्या दिवशी मामूंचा फोन आला, "चार दिवस तर होऊन गेले. आता पूर्ण पढू?"

मी म्हटलं, "काम झालं की निघायचं, असंच आहे ना? मग आपल्या मजहबमध्ये अशाला अठरा दिवसांपर्यंत कस्र आहे."

"अठरा?" मामू मोठ्याने हसले. "म्हणजे इथेही अठराच."